माडाचे दोन वैरी

कोंकणांतील माडास दोन भुंगे विशेष छळतात, आणि दोघांची रीत अगदीं उलट आहे. गेंड्या भुंग्याची अळी शेणखतांत वाढते. माडास तिचा उपद्रव नाहीं. पांख फुटलेला भुंगा मात्र मिटलेला कोंब पोखरतो, आणि पुढें तें पान उलगडलें म्हणजे कातरीनें कापल्यासारखें दिसतें. सोंड्या भुंग्याची मादी माडाच्या जखमेंत अंडीं घालते. तिची अळी खोडाचा गाभा आंतून खाते. भोकांतून तांबूस रस झरूं लागेपर्यंत बाहेर बहुधा कांहीं समजत नाहीं.

म्हणून आम्ही खताचा खड्डा दर दोन महिन्यांनीं उपसून अळ्या वेंचतों, कोंबांतील गेंड्या आंकड्याच्या सळईनें ओढून काढतों, आणि वरच्या झांवळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू भरतों. हिरवी झांवळी तोडणें भागच पडलें तर ४ फूट देंठ राखतों. ताजी जखम म्हणजे सोंड्यास आमंत्रणच.

इतकें करूनहि गेल्या वर्षीं एक माड गेला. तो आमच्या वडिलांनीं लावलेला. त्यास कुऱ्हाड लावावी हें मातोश्रींपुढें बोलण्याचा धीर कोणासच होईना. परंतु पोखरलेला माड उभा ठेवावा, तर आंतील अळ्यांचे भुंगे होऊन शेजारच्या माडांवर जाणार. हें ऐकून घेऊन त्याच म्हणाल्या, "त्यांनीं बाग लावली होती, एक झाड नव्हे." खोड चिरून जाळलें. त्या जागीं रोप लावण्याचा मान घरांतील सर्वांत धाकट्या नातीस मिळाला. खड्डा उपसण्याची पाळी मात्र सर्वांचीच आहे.