बांधावरचा दगड आणि हजार वर्षांचा सातबारा

आपल्यापैकी पुष्कळांचे ठाण्याला किंवा कल्याण-डोंबिवलीला जाणे-येणे असते. कोणाचा मुलगा तिथे नोकरीला, कोणाची लेक तिथे दिलेली, तर कोणी भाजीपाला घेऊन कल्याणच्या बाजार समितीत जातो. काम आटोपले की आपण गर्दीला कंटाळून परतीची गाडी धरतो. तिथे पाहण्यासारखे काय आहे, इमारतीच इमारती, असे म्हणतो. पुढच्या खेपेस एक दिवस जादा काढून जा. या मुलखात आपल्या शेतजमिनीचे फार जुने दप्तर आहे. ते कागदावर नाही. तांब्यावर आणि दगडावर आहे, आणि ते वाचायला पंडितच व्हावे लागते असे नाही.

सुरुवात ठाण्यापासून करू. ठाणे म्हणजे जुने श्रीस्थानक. शिलाहार राजांनी सुमारे साडेचारशे वर्षे उत्तर कोकणावर राज्य केले, त्यांचे हे राजधानीचे ठिकाण. स्टेशनवरून मासुंदा तलावाकडे चालत जा, काठच्या कोपिनेश्वराचे दर्शन घ्या आणि मग ठाण्याच्या किल्ल्याची भिंत बाहेरूनच पाहा. तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे. आत जाता येत नाही, आणि जाण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर येऊ नये! याच किल्ल्यात १७८७ साली पाया खणताना तांब्याचे पत्रे सापडले. ते अरिकेसरी या शिलाहार राजाचे दानपत्र होते, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ मधले.

अशा ताम्रपटात साधारणपणे तीन पत्रे एका कडीत ओवलेले असतात आणि कडीवर गरुडाची मुद्रा असते. गरुडच का? शिलाहार आपले कूळ जीमूतवाहनापर्यंत नेत. गरुडाच्या तोंडी जाणाऱ्या नागाच्या जागी हा विद्याधर स्वतः शिळेवर जाऊन बसला, अशी कथा आहे. सातव्या शतकातील हर्ष राजाचे ‘नागानंद’ नाटक याच कथेवर आहे. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार, असे त्या नावाचे स्पष्टीकरण देतात. ही कथा इतिहास म्हणून खरी धरू नये. पण ज्या राजाने आपला पूर्वज म्हणून देह देणारा निवडला, त्याला आपण दाता म्हणून ओळखले जावे असे वाटत होते, एवढे त्यावरून नक्की कळते. मुद्रेवरचे चित्र, नाटकातली कथा आणि लोकांची श्रद्धा अशा तीन धाग्यांचा हा पीळ आहे. एकच धागा ओढला तर हाती काही लागत नाही.

ठाण्याच्या शेजारी भांडुप आहे. तिथे मिळालेला ताम्रपट छित्तराज राजाचा, शके ९४८ म्हणजे इ. स. १०२६ चा. त्यात एक शेत दान दिले आहे आणि त्या शेताच्या चारी बाजूंच्या हद्दी सांगितल्या आहेत. आपल्या घरच्या ट्रंकेतले खरेदीखत काढून पाहा. त्यातही पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा लिहिलेली असते. शिलाहारांच्या दानपत्रांत गवत, लाकूड आणि पाणी यांसह जमीन दिल्याचे शब्द येतात. आपल्याकडच्या जुन्या इनामाच्या सनदांत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण असे म्हणत, ते त्याच वळणाचे. राजे गेले, राज्ये गेली, लिपी बदलली, पण जमिनीच्या कागदाची ही भाषा टिकली.

याला कारणही आहे. बाराव्या शतकात या गादीवर अपरादित्य नावाचा राजा होऊन गेला. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘अपरार्क’ ही टीका त्याची. त्या स्मृतीतच सांगितले आहे की राजाने जमीन दिली तर ती कापडावर किंवा ताम्रपटावर लिहून, मुद्रा करून द्यावी, म्हणजे पुढे येणाऱ्या राजांना ते कळावे. तोंडी व्यवहार करू नका, फेरफार वेळेवर नोंदवून घ्या, असे आम्ही गावोगाव सांगत फिरतो. तो सल्ला किती जुना आहे बघा!

ठाण्याहून लोकल धरली की डोंबिवलीवरून कल्याण. कल्याण तर शिलाहारांच्याही फार आधीचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचे नाव आहे. त्या काळचे कल्याणकर कोण होते, हे मात्र आजच्या शहरात दिसत नाही. त्यासाठी बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरी लेणी पाहावी लागतात. तिथल्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत कल्याणचे लोक आहेत. व्यापारी आहेत, तसा नंद नावाचा एक लोहारही आहे. त्याने पायवाट करून दिली. राजाचे नाव राहते यात नवल नाही. भाता फुंकणाऱ्या लोहाराचे नाव उरले, याचे मला फार अप्रूप वाटते. भिक्षूंच्या खर्चासाठी शेत लावून दिल्याचाही उल्लेख त्या लेण्यांत सापडतो.

कल्याणच्या पुढे अंबरनाथ. वालधुनीकाठचे तिथले काळ्या दगडाचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधले, मम्मुणि राजाच्या काळातले आहे. तिथल्या लेखात राजाबरोबर त्याच्या कारभाऱ्यांचीही नावे आहेत. मंदिराला बाहेरून एक सावकाश फेरी मारा. देवदेवता, नर्तकी, हत्तींच्या रांगा, एक हातभर जागा कोरी नाही. मग पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जा, कारण पिंड खाली आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. एवढे कोरीव काम करायला पाथरवटांना किती हंगाम बसून जेवावे लागले असेल, याचा हिशेब मनाशी करा. ते धान्य आसपासच्या भातखाचरांतूनच आले असणार.

आता शेवटचा टप्पा, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. कल्याणहून भिवंडी तालुक्यातील लोनाडला जाता येते. तिथे जुनी लेणी आहेत. जवळच्या चौधरपाड्याचा शिलालेख केशिदेव राजाचा, शके ११६१ चा. शोंपेश्वर देवाच्या पूजेसाठी गाव दिल्याची ती नोंद आहे. अशा दानाच्या दगडांवर वर चंद्र, सूर्य आणि कलश असतात, मध्ये मजकूर आणि खाली पुष्कळदा गाढव आणि बाई यांची आकृती. याला गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. जो हे दान मोडील त्याला आईवरून दिलेली ती शिवी आहे.

हा दगड वाचायचा कसा? वरच्या चंद्रसूर्याचा अर्थ, ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे. मधला मजकूर वाचता येणाऱ्यांसाठी. खालचे चित्र ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी. आम्ही विस्तारवाले कीड-रोगाचे चित्रफलक गावात लावतो, त्यामागेही हाच विचार असतो. त्या काळी हद्द राखायला कोर्ट-कचेरी हाताशी नव्हती. ते काम राजाच्या धाकाबरोबर लोकांच्या मनातल्या भीतीवर आणि लाजेवर सोपवलेले होते.

पण भगिनींनो, दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जमीन बळकावणार पुरुष आणि शिवी खाणार त्याची आई! त्या व्यवहारात तिचे नावसुद्धा नसे. आज २००५ च्या कायद्यान्वये हिंदू कुटुंबात वडिलार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. तसेच देणारा, घेणारा, कारभारी यांची नावे ताम्रपटात येतात, पण नांगर धरणाऱ्याचे नाव सहसा येत नाही. कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून कागदावर यायला कूळकायद्याचा १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडावा लागला. जुन्या संस्कृतीचा अभ्यास म्हणजे तिची नुसती आरती ओवाळणे नव्हे. दगडावर काय आहे ते पाहावे आणि काय नाही तेही पाहावे.

ठाणे-कल्याणची खाचरे आता इमारतींखाली गेली. यंत्राने एका दिवसात टेकडी सपाट होते, तिथे एका दगडाची काय कथा! आपल्या गावांत अजून बांध शिल्लक आहेत. म्हणून काही गोष्टी पाळा. कोरलेला दगड मोरीवर, पायरीला किंवा विहिरीच्या कठड्याला लावू नका. अपशकुनी म्हणून पालथा घालू नका, फोडू नका. त्याला ऑइलपेंट फासू नका, सिमेंटने लिंपू नका. देव म्हणून पुजत असाल तर पूजा करा, पण शेंदराचे थर चढवून अक्षरे बुजवू नका. सायंकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरेही दिसतात. त्या वेळी फोटो काढा आणि तलाठ्याला, तसेच राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. नांगरताना ताम्रपट किंवा नाणी लागली तर सराफाकडे किंवा मोडीत नेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे जुने धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

घरातला सातबारा आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. बांधावरचा दगड हाही सातबाराच आहे, फक्त त्याची दुसरी नक्कल कोणत्याच कचेरीत मिळत नाही. यंदा भातकापणी झाली की मुलांना घेऊन आपल्या शिवाराला एक फेरी मारा, आणि प्रत्येक जुन्या दगडापाशी घटकाभर थांबून पाहा.