तरवडीचे वृत्तपत्र

नियतकालिकांच्या इतिहासाचे प्रकरण आले की 'दर्पण' (१८३२), 'निबंधमाला' (१८७४), 'केसरी' (१८८१) हा मुंबई-पुण्याचा क्रम ठरलेला. आमच्या नगर जिल्ह्याचे (आताच्या अहिल्यानगरचे) नाव त्यात 'ज्ञानोदया'मुळे येते. अमेरिकन मराठी मिशनचे हे पत्र १८४२ साली नगरात निघाले. त्यानंतर जणू जिल्ह्याची वाचाच बसली, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते.

वास्तविक १९१० साली मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केले आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत चालविले. सत्तावन्न वर्षे! पुण्यात १८७७ साली 'दीनबंधु' काढणारे कृष्णराव भालेकर हे त्यांचे जन्मदाते. तेव्हा सत्यशोधकी पत्रकारिता त्यांच्या रक्तातच होती. पण तिला शहरातून उचलून शेताच्या बांधावर आणणे हे काम मुकुंदरावांचे. खेड्यात पत्र चालवायचे म्हणजे कागद, शाई, खिळे सारे बाहेरून आणायचे, अंक टपालाच्या भरवशावर सोडायचा, आणि वर्गणीदार तो कोण, तर पावसावर जगणारा शेतकरी.

चळवळीचे अभ्यासक मुकुंदरावांना 'दीनमित्रकार' म्हणून ओळखतात. आमची तक्रार मराठी विभागांशी आहे. आपण त्यांना समाजशास्त्राच्या स्वाधीन करून मोकळे झालो. 'कुलकर्णी लीलामृत' (१९१३) या त्यांच्या ओवीबद्ध काव्याचेच पाहा. 'शिवलीलामृता'च्या पारायणात वाढलेल्या श्रोत्याला शीर्षकातच खोच कळते. देवाच्या जागी गावचा वतनदार बसला की पोथीचा सारा सात्त्विक थाट उपरोधाचा होतो. विडंबनाचा हा प्रकार वर्गात शिकवायला याहून सोयीचे उदाहरण कोणते? मुकुंदरावांचा प्रहार पुष्कळदा एकसुरी होतो, हेही आम्ही मान्य करू. परंतु एकसुरीपणाचा दोष चिपळूणकरांनाही लावता येईल, आणि तरी त्यांचे गद्य आपण गद्य म्हणूनच वाचतो.

दरवर्षी एम. ए.चे विद्यार्थी नेवाशाला जातात. ज्ञानेश्वरी सांगताना माउली ज्याला टेकून बसले असे मानतात, तो पैस खांब पाहतात. तो पाहायलाच हवा. तरवडीही त्याच तालुक्यात आहे. यंदाच्या सहलीच्या अर्जात आम्ही दोन्ही गावांची नावे लिहिली आहेत.