विश्वास आधी की कर्म?

पुण्याचा हिशेब मांडण्याची सवय आपल्या हाडीमांसी मुरलेली आहे. उपवास केला, वारी घडली, दारी आलेल्याला भाकरी दिली, की चित्रगुप्ताच्या वहीत आपल्या नावे काही जमा झाले, असे आपण धरून चालतो. ख्रिस्ती धर्मात या वहीवरूनच शतकानुशतके वाद झाला, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले.

संत पौलाच्या पत्रांचा सूर असा, की मनुष्य स्वतःच्या कर्तबगारीने तरत नाही; देवाच्या कृपेवर विश्वास ठेवून तरतो. याकोबाचे पत्र मात्र विचारते, की उपाशी माणसाला नुसते गोड बोलून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास काय कामाचा? १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध उभा राहिला. पैसे मोजून देवाघरचे देणे फिटत नाही, ही त्याची भूमिका. पुढे याकोबाच्या पत्राला त्याने गवताची उपमा दिली! पश्चिम युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला. अखेर १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेने होते आणि सत्कर्मे हे त्याचे फळ, असा त्याचा आशय आहे.

हे वाचूनही माझे मन निवले नाही. त्याला कारण माझी आजी. औंधला यमाईचा डोंगर चढून येणाऱ्यांना ती उन्हाळाभर ताक पाजायची. जात विचारली नाही, गाव विचारले नाही. गेल्या वर्षी ती गेली. वर्गातील ख्रिस्ती मैत्रिणीला मी सरळ विचारले, "ख्रिस्ताचे नावही न घेता गेलेल्या माझ्या आजीचे काय?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो निवाडा माझ्या हाती नाही. आमच्यांतही त्यावर एकमत नाही. पण मला सांग, ताक देताना आजी पेले मोजत होत्या का?" मग तिने मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाचा प्रसंग सांगितला. भुकेल्यांना अन्न देणारी माणसे तेथे आश्चर्याने विचारतात, की प्रभू, आम्ही तुला केव्हा जेवू घातले? त्यांच्याजवळ वहीच नव्हती.

माझ्या प्रश्नाचे हे पुरते उत्तर नव्हे. पण विश्वास आणि कर्म यांचे नाते समजून घ्यायला मला फार लांब जावे लागले नाही. आपल्या औंध संस्थानच्या आटपाडी भागात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच. राजे यमाईचे भक्त, फ्रीडमन जन्माने ज्यू. ख्रिस्ती मताशी या प्रयोगाचा संबंध नव्हता. तरीही तो वाद येथे मला उलगडतो. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारी माणसे तेथे तुरुंगाच्या भिंतींविना राहिली, शेती करू लागली. आधी चांगले वागून दाखवा, मग भरवसा टाकू, असे कोणी म्हटले असते तर एकही बेडी सुटली नसती.

न कमावता मिळालेला तो भरवसा म्हणजे ख्रिस्ती भाषेतील कृपा. कैद्याने मनातून दिलेला होकार म्हणजे विश्वास. आणि नांगरलेले शेत म्हणजे कर्म. शेत पडीकच राहिले, तर होकार खरा होता असे कोण म्हणेल? पण स्वतंत्रपूरचा कैदी बेडी सुटावी म्हणून राबत नाही. ती सुटलेली असते, म्हणून राबतो.