दोन लेकरं, एक गाडी

बाबागाडी घ्यायची म्हणजे दुकानात जायचं, रंग पसंत करायचा आणि पैसे मोजायचे, एवढंच मला वाटत होतं. धाकट्या बहिणीनं माझ्या हातात शिवणाची टेप दिली आणि म्हणाली, "ताई, आधी दार मोज."

ही गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली, इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली. धाकटीला नववा महिना लागला होता आणि थोरली भाची जेमतेम वीस महिन्यांची होती. आईचे गुडघे दुखतात, म्हणून बाळंतपणाला मी गेले. कॉलेजातून रजा काढली. पिशवीत डिंक, अळीव, बाळंतशोपा घेतल्या. पोहोचते तो घरात एकच विषय : दोन मुलांची बाबागाडी.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हात मोडलेत काय गं तुमचे? एकाला कडेवर घ्या, एकाला बोटाला धरा की!" खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. आमच्या शहापुरात पोर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतंच. माझी दोन्ही मुलं सासूबाई, जाऊबाई आणि शेजारच्या काकूंच्या कडेवर वाढली. बेळगावच्या खडेबाजारातल्या गर्दीत बाबागाडी चालवायची तरी कुठून?

पण धाकटीचा हिशेब वेगळा होता. तिकडे बाळाच्या बापाला मिळते ती रजा दोन आठवड्यांची. ती संपली की तिचा नवरा सकाळी मोटार घेऊन कामावर जाणार, तो संध्याकाळी परत. लीड्समध्ये ट्राम नाही, मेट्रो नाही. बाहेर पडायचं तर पायी किंवा बसनं. शिवाय सगळे रस्ते चढ-उताराचे. दोन महिन्यांनी मी परतले की घरात तिचे दोनच हात उरणार होते.

म्हणून दार मोजलं. जुन्या पद्धतीचं, ओळीत चिकटून बांधलेलं घर. दाराची मोकळी जागा भरली ७३ सेंटिमीटर. तिला आवडलेली, दोन मुलं शेजारी-शेजारी बसतील अशी गाडी ७६ सेंटिमीटर रुंद. तीन सेंटिमीटरनं ती गाडी बाद!

दुसरा पर्याय सुटसुटीत होता. साधी एकेरी गाडी, तिच्या मागे थोरलीनं उभं राहायची चाकांची फळी. पण वीस महिन्यांचं पोर फळीवर किती वेळ टिकणार? दुपारी पेंग आली की तिला उचलायचं कुणी? तिसरा प्रकार पुढे-मागे सीट असलेला. त्यातही काही गाड्यांत एक सीट वर आणि दुसरी खाली, मागच्या बाजूला. तिथे बसणाऱ्या पोराला समोर दिसणार फक्त वरच्या सीटची पाठ. धाकटी म्हणाली, "बाळ आलं आणि माझं जग झाकलं गेलं, असं तिला पहिल्याच दिवशी वाटायला नको."

शेवटी एका ओळखीच्या बाईंकडे जुनी गाडी मिळाली. पुढची सीट थोरलीला, रस्ता बघत बसायला. मागची बाळाला, आईच्या नजरेखाली. मागची सीट पूर्ण आडवी होत होती, ते महत्त्वाचं. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, त्याला सपाटच निजवावं लागतं. ब्रेक तपासले, पट्टे ओढून पाहिले. मग पुढच्या सीटमध्ये १० किलो बासमतीचं पोतं, मागच्या सीटमध्ये चार किलो तूरडाळ ठेवली आणि आम्ही दोघी ती वरात घेऊन चढावर निघालो! फुटपाथवर चढवताना मागचा दांडा दाबून पुढची चाकं उचलावी लागतात. पहिल्या खेपेला तांदूळ रस्त्यावर येता येता राहिले. दांड्याला जड पिशवी अडकवली की रिकामी गाडी मागे उलटते, हेही तेव्हाच कळलं.

घडी घालण्याचा सराव मात्र तिनं माझ्याकडून दहादा करून घेतला. तिकडे बसमध्ये व्हीलचेअरची जागा राखीव असते. ती मोकळी असेल तर बाबागाडी लावता येते, पण व्हीलचेअरवरचा प्रवासी आला की पहिला हक्क त्याचा. मग गाडी मिटायची. घडीची हलकी बाबागाडी १९६५ मध्ये काढली ती ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्यानं. स्पिटफायर विमानाची मिटणारी चाकं त्याच्याच हातची. विमानाची चाकं मिटवणाऱ्यालाच हे सुचावं, यात नवल नाही. पण एका हातात बाळ धरून आमची गाडी मिटताना मला त्याचा हेवा वाटला.

भाचा झाला. अठराव्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, "ताई, आज तू घरी बस. आम्ही तिघं जाऊन येतो." मी म्हटलं, "अगं, सव्वा महिना तरी होऊ दे." ती फक्त हसली. मी खिडकीतून बघत राहिले. वळणावर तिनं दांडा दाबला, चाकं उचलली, दिसेनाशी झाली. तो पाऊण तास मी घड्याळ आणि रस्ता यांच्यात काढला. परत आली तेव्हा केस पावसानं भिजलेले, गाडीखालच्या जाळीत दुधाची बाटली, आणि चेहरा... तसा चेहरा मी तिच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

त्या रात्री मला माझं दुसरं बाळंतपण आठवलं. घरात सहा हात होते. मुलं कधी रडत राहिली नाहीत. पण तीन महिने मी उंबरा ओलांडला नव्हता. खिडकीतून गल्ली बघायची आणि कारण नसताना डोळे भरून यायचे. "काय कमी आहे हिला?" असं सगळे म्हणत; मीही म्हणत असे. कमी काय होतं ते अठरा वर्षांनी लीड्सच्या खिडकीत कळलं. सगळे हात मुलांसाठी होते. मला बाहेर नेणारं काही नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नव्हतं.

म्हणून आता आमच्या घरी कुणी बाळंतीण आली की मी आधी तिला विचारते, "तुला कुठं जाऊन यायचंय का?" बाळाला मग घेते.

आईला मात्र आम्ही तेव्हा सांगितलं होतं की धाकटी सव्वा महिन्यानंतरच बाहेर पडली. हे साप्ताहिक तिच्याकडे दर आठवड्याला जातं. आई, अठराव्याच दिवशी गेली होती गं. दोघीही तुझ्याशी खोटं बोललो. पण तिच्या हातांना काही झालं नव्हतं. ते दोन्ही गाडीच्या दांड्यावर होते.