हिरवी काच, काळी काच

जगभरात दगड जमवणाऱ्यांना 'जळगाव' हे नाव पाठ असतं. केळी आणि सोन्याचा त्यात काही संबंध नाही. आमच्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट असे देखणे स्फटिक तयार होतात. खाणीत, विहीर खणताना ते निघतात आणि युरोप-अमेरिकेतल्या कपाटांत 'जळगाव, इंडिया' अशी चिठ्ठी लावून जाऊन बसतात. (कधीकधी दगड दुसऱ्याच जिल्ह्यातला असतो, पण नाव जळगावचं खपतं.) यावलजवळचं सावदाही या लोकांच्या तोंडी असतं. आम्ही मात्र बांधावर असलं काही चमकताना दिसलं की सरसकट गारगोटी म्हणायचो आणि भिरकावून द्यायचो.

अशा गावात राहून माझ्या मावसभावाने साडेसहा हजार रुपये मोजून परदेशी दगड मागवला. त्याचं नाव मोल्डावाइट. बाटलीसारखा हिरवा, खडबडीत, बोराएवढा. काळ्या दोऱ्यात ओवून त्याने तो गळ्यात घातला.

हा भाऊ सत्तावीस वर्षांचा आहे. पुण्यात चार वर्षं खोली करून राहिला, एमपीएससीचे तीन प्रयत्न दिले आणि यंदा घरी परतला. आता सकाळी केळीच्या बागेत, रात्री मोबाइलवर. २०२१च्या आसपास टिकटॉकवर मोल्डावाइटची लाट आली होती, हा दगड घातला की आयुष्य उलटंपालटं होतं वगैरे. आपल्याकडे टिकटॉक तोवर बंद झालं होतं, पण रील्सना कोण अडवणार? आयुष्य उलटंपालटं होण्याची त्याला गरज होतीच.

खरं मोल्डावाइट ही भन्नाट चीज आहे, हे मी भूगर्भशास्त्र शिकले म्हणून नाही सांगत. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण जर्मनीत एक अशनी आदळला. तिथलं २४ किलोमीटर रुंदीचं रीस विवर अजून आहे, आणि त्याच्या आत नॉर्डलिंगन नावाचं टुमदार गाव वसलंय. आघाताच्या क्षणी वरची वाळू-माती वितळली, हवेत उडाली आणि शेकडो किलोमीटरवर, आजच्या चेकियात, काच होऊन पडली. स्फटिक व्हायला वेळ लागतो. आमच्या गारगोटीतल्या अणूंना रांगेत उभं राहायला भरपूर सवड मिळाली. इथे ती मिळालीच नाही. जो जिथे होता तिथेच थिजला. अशा काचेच्या तुकड्यांना टेक्टाइट म्हणतात, बाजारात काही जण 'अग्निमणी' म्हणून विकतात. तुतनखामुनच्या छातीवरच्या दागिन्यात मधोमध जो पिवळसर भुंगा कोरलाय, तोही वाळवंटात सापडणाऱ्या अशाच नैसर्गिक काचेचा आहे. म्हणजे हा शौक सव्वातीन हजार वर्षांचा तरी जुना.

मागणी एवढी वाढली की बाटल्या वितळवून, साच्यात ओतून, आम्लाने खरवडून मोल्डावाइट 'तयार' होऊ लागलं.

मी दिवाळीला गेले तेव्हा मावशीने आधीच बाजूला घेतलं. "त्याला काही बोलू नको. दोन महिन्यांत पहिल्यांदा पुस्तक उघडून बसलाय. तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव." मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्यानेच दोरा गळ्यातून काढून माझ्या हातावर ठेवला. "ताई, खरं हाये का हे? सांग मले."

आम्ही ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याच्या काट्यावर दगड भरला ५.०४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडला, तळाला टेकू न देता. काटा २.०२ दाखवू लागला. तेवढं पाणी दगडाने बाजूला सारलं. भागाकार केला, अडीच. मोल्डावाइटची घनता साधारण २.३ ते २.४ असते, बाटलीच्या काचेची अडीच. भिंगाखाली बुडबुडे गोल गरगरीत दिसले. खऱ्यात ते बरेचदा ताणलेले असतात, आणि वितळलेल्या वाळूचे अळीसारखे वळवळीत धागे दिसतात. इथे एकही नव्हता.

"म्हणजे बाटली?"

"बाटलीच म्हण."

सराफ हसला, भाऊ हसला नाही. त्याने दोरा पुन्हा गळ्यात घातला आणि गाडीला किक मारली. मावशी माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. मला तिचा राग आला नाही. पण त्याने विचारल्यावर खोटं बोलणं म्हणजे त्याला विकणाऱ्याच्या पंगतीत जाऊन बसणं होतं.

मग मी त्याला लोणारबद्दल सांगितलं. गोड पाण्याची धार, दैत्यसूदन मंदिर, २०२० साली गुलाबी झालेलं पाणी, हे सगळं त्याला ठाऊक होतं. काचेचं ठाऊक नव्हतं. लोणारचं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आमच्याच बेसाल्टमध्ये खोदलं गेलंय. ते ज्वालामुखीचं असावं असं बरीच वर्षं मानत. विवराच्या तळात छिद्रं पाडून काढलेल्या खडकाने १९७३मध्ये त्याचा निकाल लावला. त्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. आघाताच्या नुसत्या दाबाने, न वितळता, खनिजाची काच होते ती ही. ती पहिल्यांदा ओळखली गेली बिहारमध्ये शेरघाटी इथे १८६५ साली पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला आहे! चंद्र आणि मंगळावर बेसाल्ट भरपूर, पृथ्वीवर मात्र बेसाल्टमधली इतकी चांगली टिकलेली विवरं दुर्मीळ. म्हणून शास्त्रज्ञ लोणारला येतात.

संग्राहक लोणारच्या काचेमागे धावत नाहीत. मोल्डावाइटमध्ये सिलिका ऐंशी टक्क्यांच्या आसपास, बेसाल्टमध्ये पन्नास. त्यामुळे लोणारची काच काळपट, अपारदर्शक, लवकर झिजून मातीत जाणारी. तिचे थेंब तर बरेचदा मिलिमीटरहून लहान. गळ्यात काय घालणार?

"चल, पाहून येऊ," तो म्हणाला. भुसावळ, मलकापूर, बुलडाणा, चिखली, मेहकर, असा एसटीने अख्खा दिवस खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर उभे राहिलो. दोरा त्याच्या गळ्यात होता. मी काही विचारलं नाही.

उतारावर त्याला सुपारीएवढा काळा, फोड आल्यासारखा खडा दिसला. "ही काच?"

"असेल. साधा बेसाल्टही असा दिसतो. पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लागेल."

"आणि असली तर? कितीचा?"

"कितीचाच नाही. अभयारण्य आहे, उचलताही येत नाही."

किती जुनी, हे त्याने मग विचारलं. मी म्हटलं, आधी पन्नास हजार वर्षं सांगायचे, २०११मध्ये आर्गॉन वायू मोजून पाच लाख सत्तर हजार आली.

"मंग आधीचे चुकले?"

"त्यांची पद्धत वेगळी होती. अजून वाद आहेत."

त्याने जरा विचार केला, आणि तो आर्गॉन दगडात अडकतो कसा, हे विचारत माझ्या आधी पायवाट उतरू लागला.