दुर्बिणीखालचा बोटभर धातू

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी सिंहगड रस्त्यावरून एक गृहस्थ आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आले. जुन्या चादरीत गुंडाळलेली स्प्रिंगची एअर रायफल आणि तिच्यावर नवीकोरी दुर्बीण. "सर, पहिले दहा-पंधरा छर्रे एका जागी पडतात, मग भरकटतात. दुर्बीणच खराब निघाली वाटतं. बदलून टाकू का?" मुलीने चाळण झालेला पुठ्ठा माझ्यापुढे धरला. भोके एकाखाली एक उतरत गेली होती.

मी दुर्बिणीतून पाहिलेच नाही. टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि रायफलीच्या पाठीवरची रेल पाहिली. दुर्बीण तिच्यावर धरून ठेवणाऱ्या माउंटच्या पुढच्या कडेला, काळ्या मुलाम्यावर, चारेक मिलिमीटरचा चकचकीत पट्टा उघडा पडला होता. दुर्बिणीसकट अख्खे माउंट मागे सरकले होते. दुर्बीण साडेसहा हजारांची होती आणि तिला धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा साडेचारशेच्या.

पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात-आठ रायफलींची हीच गोष्ट आहे. 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे हौस म्हणून ती घेणारे पुष्कळ. पैसे मोजकेच असतात, ते सगळे दुर्बिणीत जातात आणि माउंट दुकानदार जे देईल ते घेतले जाते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. पैसे कमी असतील तर दुर्बीण साधी घ्या, चौपट मोठे दाखवणारी, न बदलणाऱ्या वर्धनाची, आणि वाचलेले पैसे माउंटमध्ये घाला. काच थोडी धूसर असली तरी सराव होतो. माउंट हलत असेल तर तुम्ही काय चुकलात हेही कळत नाही, आणि शिकणाऱ्याचे याहून मोठे नुकसान नाही.

स्प्रिंगच्या रायफलीला दोन झटके बसतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. चाप ओढला की आतला जड पिस्टन स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो आणि रायफल मागे येते. इथपर्यंत ती कुठल्याही बंदुकीसारखीच. पण पुढच्याच क्षणी तो पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि रायफलीला पुढे हिसका देतो. रायफल पुढे जाते, दुर्बीण जडपणामुळे मागे राहू पाहते. बस अचानक सुटली की उभे प्रवासी मागे कलंडतात, तसेच. असे प्रत्येक छर्र्याला होते. म्हणून दारूगोळ्याच्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीण स्वस्त एअर रायफलीवर महिनाभरात निकामी होऊ शकते, आणि म्हणूनच माउंट घेताना मी आधी ते उलटे करून बघतो.

पोटाशी एक छोटी खुंटी आहे का? मागच्या भागात, पोलादाची, स्क्रूने खालीवर होणारी? बहुतेक स्प्रिंग रायफलींच्या रेलच्या मागच्या टोकाला तिच्यासाठी भोक असते. खुंटी त्या भोकात उतरली की दुर्बिणीला मागे जायला वाट राहत नाही. भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा अडसर घट्ट बसवावा लागतो, तो स्वस्तात मिळतो. खुंटीही नाही आणि अडसरही नाही असे माउंट स्प्रिंगच्या रायफलीवर लावायचे नाही. यात मी कोणाशी तडजोड करत नाही.

दुसरे, अखंड माउंट घ्या. सुट्या दोन रिंगांपेक्षा एका पट्टीवर उभ्या असलेल्या दोन रिंगा रेलला जास्त लांबीभर धरतात आणि एकमेकींशी सरळ रेषेत राहतात. रेलला पकडणारा जबडा आवळणारे स्क्रू चार असतील तर उत्तम.

मग माप. दुर्बिणीच्या नळीचा व्यास एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर की 30, हे दुर्बिणीवरून ठरते. घोटाळा होतो तो रेलच्या बाबतीत. एअर रायफलीवर 11 मिलिमीटरची डव्हटेल, म्हणजे तिरप्या बाजूंची, रेल असते असे सगळे म्हणतात, पण व्हर्नियर लावला तर कुठे साडेनऊ भरते, कुठे तेरा. उताराचा कोनही सारखा नसतो. पुण्यात एक सोय अशी की भोसरीतला कोणताही चांगला लेथवाला अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून माउंट काढून देतो. मीही दिलेत काही करून. पण रायफल सोबत न्या. नुसते '11 चे माउंट' सांगून आणलेले माउंट रेलच्या फक्त दोन कडांवर टेकते, आणि कडेवर टेकलेली वस्तू हिसक्याने सरकतेच.

माउंटच्या उंचीसाठी मी पुठ्ठा वापरतो. दुर्बिणीची पुढची रुंद वाटी रायफलीच्या नळीला टेकता कामा नये. मधून जाड पुठ्ठा मोकळा सरकला की पुरे. त्याहून उंच नको. उंच माउंट दिसायला रुबाबदार असते, पण डोळा दुर्बिणीशी आणायला गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. टेकलेला गाल हाच नेमबाजाचा पाया. तो उचलला की डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येतो, आणि 10 मीटरसारख्या जवळच्या अंतरावर स्वस्त दुर्बिणीत तेवढ्यानेच नेमाची फुली लक्ष्यावरून हलते.

मोडून भरायच्या रायफलींची नळी पुष्कळदा किंचित खाली झुकलेली असते. दुर्बिणीची बटणे संपेपर्यंत फिरवली तरी छर्रा खालीच जातो. माझा हिशेब सोपा आहे. 10 मीटरवर छर्रा 30 मिलिमीटर खाली जात असेल आणि दोन रिंगांत 100 मिलिमीटर अंतर असेल, तर मागची रिंग 0.3 मिलिमीटर उचलायची. त्यासाठी मी जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह फिल्मच्या दोन पट्ट्या कापून मागच्या रिंगेच्या खालच्या अर्ध्यात घालतो. एक पट्टी साधारण 0.14 मिलिमीटरची. दोनपेक्षा जास्त नकोत, दुर्बिणीच्या नळीवर ताण येतो.

नळीवरचा ताण काय करतो हे मी सोसून शिकलो आहे. वीसएक वर्षांपूर्वी एका तरुणाची दुर्बीण बसवताना हलू नये म्हणून मी रिंगा जीव खाऊन आवळल्या. महिन्याने तो परत आला तेव्हा नळीला दोन्हीकडे वळ पडले होते आणि आतली फुली फिरत नव्हती. दुर्बिणीचे पैसे मी भरून दिले, पण त्याची सरावाची वेळ गेली ती गेलीच. तेव्हापासून बोहरी आळीतून आणलेल्या टॉर्क रेंचशिवाय मी रिंगांना हात लावत नाही. रिंगांच्या स्क्रूंना साधारण 2 न्यूटन-मीटर पुरतात. चारही थोडे थोडे, आळीपाळीने आणि तिरके, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते.

फुली सरळ उभी आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याचा ओळंबा 10 मीटरवर टांगा आणि उभी रेघ त्या दोरीवर बसवा.

पक्षी किंवा माकडे मारायला दुर्बीण बसवून द्या म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. 1972 चा वन्यजीव कायदा आहेच, पण मला ते मुळातच करायचे नाही. कागदावरचे लक्ष्य हेच या वस्तूचे ठिकाण आहे.

पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर तर दुर्बीण चालतच नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत वर्धन करणारी काच नियमबाह्य आहे. बारीक भोकाची पीपसाइट वापरावी लागते. पण तीही तशाच 11 मिलिमीटरच्या रेलवर बसते, आणि मान ताठ राहावी म्हणून तिच्याखाली उंचीचे ठोकळे घालतात. 10 मीटर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पुढच्या-मागच्या साइटमध्ये 80 सेंटिमीटर अंतर धरले आणि मागची साइट 0.05 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी, हलली तर छर्रा सहा दशांश मिलिमीटर बाजूला जातो. अख्ख्या ठिपक्याहून जास्त. गुणांच्या भाषेत दोन दशांश, आणि अंतिम फेऱ्या एकेका दशांशावर फिरतात.

1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या आणि तेव्हा पुण्यात रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांनी ब्राँझपदक घेतले. त्या प्रकारात त्याला गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. तिन्ही वेळा डोके वेगळ्या जागी येते आणि साइट त्याप्रमाणे जुळवून घ्यावी लागते. त्या संध्याकाळपासून माझा फोन वाजू लागला. पालक विचारतात, रायफल कितीला येते? मी विचारतो, मुलाला एका जागी शांत उभे राहायला आवडते का?

त्या शनिवारी मी मुलीच्या रायफलीवरच्या रिंगा काढल्या, रेल आणि जबडा रॉकेलने पुसून कोरडा केला आणि खुंटीचे, चार स्क्रूंचे अखंड माउंट बसवले. अकराशे रुपये. दुर्बीण तीच. मग मुलीकडून नेलपॉलिश मागून घेतली आणि माउंट व रेल मिळून एक बारीक लाल रेघ ओढली. माउंट केसभर सरकले तरी ती रेघ तुटते. मागच्या बोळात, मातीने भरलेल्या पेटीपुढे पुठ्ठा लावून तिने पन्नास छर्रे झाडले. शेवटच्या दहांची भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. बाप-लेक दोघे वाकून लाल रेघ पाहत राहिले. ती अखंड होती.

"काका, बालेवाडीला जायचं तर ही दुर्बीण काढावी लागेल ना?" तिने विचारले.

मी तिच्या हातात अॅलन की दिली आणि आधी कोणता स्क्रू सैल करायचा ते दाखवले.