घराच्या मापाची गाडी

मंगरूळपीरला रेल्वे नाही. जुलै 1998 मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि तेव्हापासून जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले की चाळीसेक किलोमीटरवरच्या वाशीमची वाट धरावी लागते. ज्यांची नोकरीच तेथे आहे, त्यांना ही वाट रोजची. वडिलांचे दुकान बाजारपेठेत, मुलगा वाशीमला नोकरीवर, सून घर आणि दुकानाचा हिशेब सांभाळणारी, दोन मुले शाळेत आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आजी, अशी घरे या गावात शोधावी लागत नाहीत. दुचाकी आणि एसटी यांवर त्यांची कित्येक वर्षे निभतात. मग एखाद्या पावसाळ्यात मुलगा रोज भिजून तापाने फणफणतो, किंवा आजीला अकोल्याच्या डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशी भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, आणि घरात मोटारीचा विषय निघतो.

विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा ॲव्हरेजचा. तिसरा प्रश्न कोणी उच्चारत नाही, पण तो सर्वांच्या मनात असतो: लोक काय म्हणतील? या तिन्हींचा मेळ घालताना मध्यमवर्गीय घर बहुधा लहान सेडानपाशी येऊन थांबते. डिझायर, ऑरा, अमेझ, टिगोर ही त्या वर्गातील परिचित नावे. हॅचबॅकपेक्षा थोडी भारदस्त, मोठ्या सेडानपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि मागे स्वतंत्र डिकी. निवड वाईट नाही. मात्र चौथा प्रश्न विचारायचा राहून जातो: ही गाडी घरातील कोणाच्या सोयीसाठी घ्यायची? शोरूममध्ये गाडी पसंत करणारा माणूस चालकाच्या आसनावर बसतो. निवड चुकली तर तिचे मोल मागच्या आसनावरची माणसे भरतात. म्हणून घरात ज्याचा शब्द सर्वांत कमी चालतो, त्याच्या जागी बसून गाडी पारखावी. बाकीची परीक्षा त्यानंतरची.

या गाड्या अशा आखूड शेपटीच्या का, हे आधी समजून घेतले पाहिजे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले गेले. लहान मोटार कोणती, तर जिची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल असल्यास 1500 सीसीपर्यंत. या सवलतीच्या रेषेत बसण्यासाठी सेडानची लांबी कापली जाऊ लागली. 2008 मध्ये टाटांची इंडिगो सीएस या मापात आली. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर चार मीटरहून लांब होती. 2012 मध्ये तिची डिकी आखूड करून तिला 3995 मिलिमीटरमध्ये बसवण्यात आले. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा लहान मोटारींवरील जीएसटी 18 टक्के झाला, तेव्हाही चार मीटरची रेषा तशीच राहिली. म्हणजे या गाडीचा आकार रस्त्याच्या किंवा कुटुंबाच्या गरजेतून आलेला नाही. तो करातून आला आहे. चार मीटरांत इंजिन, पाच माणसे आणि डिकी बसवायची, तर कोणाला तरी आखडून बसावे लागणारच. तो कोण, हे घरात आधी ठरवावे.

डिकी हा या गाडीचा खरा दागिना. डिझायरची डिकी 382 लिटरची, ऑराची 402, अमेझची 416 आणि टिगोरची 419. डिझायरच्याच घराण्यातील स्विफ्ट या हॅचबॅकची 265. लग्नाला निघालेल्या चौघांच्या बॅगा, फराळाचा डबा, पाण्याचा कॅन आणि मुलांचे दप्तर एवढे सेडानमध्ये निवांत मावते. सामान बैठकीपासून वेगळे राहते, त्यामुळे लोणच्याच्या बरणीचा वास प्रवाशांना छळत नाही आणि जोरात ब्रेक लागला तर बॅग मुलाच्या डोक्यावर येत नाही. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला किंवा कारंज्याला पाहुण्यांकडे मुक्कामाला जाणाऱ्या घराला या जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र रोजच्या प्रवासाचा हिशेब सुरू झाला की हाच दागिना गहाण पडतो. वाशीमला जाऊन-येऊन 80 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 2000 किलोमीटर. पेट्रोलवर लिटरला 18 किलोमीटर मिळाले आणि लिटरचा भाव 105 रुपये धरला, तर महिन्याला सुमारे 11,700 रुपये. सीएनजीवर किलोला 25 किलोमीटर आणि भाव 90 रुपये धरला, तर 7,200. महिन्याला साडेचार हजारांची बचत. सीएनजीच्या गाडीसाठी 90 हजार रुपये अधिक मोजावे लागले, तर ते वीस महिन्यांत फिटतात. पण ज्या घराची गाडी महिन्याला 500 किलोमीटरच फिरते, त्याची बचत अकराशेच्या आसपास, आणि तेच 90 हजार फिटायला जवळजवळ सात वर्षे. शिवाय सीएनजीची मोठी टाकी डिकीत बसते, आणि ज्या डिकीसाठी सेडान घेतली तीच जाते. टाटांनी टिगोरमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवून काही जागा राखली आहे. कोणतीही गाडी असो, आपल्या रोजच्या वाटेवर गॅसचा पंप आहे का आणि तेथे रांग किती लागते, हे चार दिवस स्वतः पाहूनच ही निवड करावी. पंपासाठी वाट वाकडी करावी लागली तर कागदावरची बचत रस्त्यातच सांडते.

आता आजीचे गुडघे. सेडानची बैठक खाली असते. तिच्यात शिरायचे म्हणजे खाली वाकायचे आणि निघायचे म्हणजे हाताच्या आधाराने स्वतःला वर ओढायचे. तरुणाला हे जाणवतही नाही. सत्तरीच्या बाईला मात्र प्रत्येक थांब्यावर ते जाणवते, आणि ती बोलत नाही. ‘मी घरीच बरी’ एवढेच म्हणते. गाडी आल्यावर आजीचे बाहेर जाणे कमी झाले, तर त्या घराने गाडी चुकीची घेतली असे खुशाल समजावे. म्हणून शोरूममध्ये आजीला न्यावे. मागच्या आसनावर तिला तीनदा बसवावे आणि तीनदा उतरवावे. दाराची चौकट डोक्याला लागते का, पाय बाहेर काढताना गुडघा पुढच्या आसनाला घासतो का, मांड्यांना पुरेसा आधार मिळतो का, हे पाहावे. पहिल्या वेळी सर्वच हसून बसतात. खरे उत्तर तिसऱ्या वेळी मिळते. तेव्हा तिला त्रास झाला, तर ॲव्हरेज कितीही असो, उंच बैठकीची दुसरी गाडी पाहावी.

मागे तिघांची जागा, हे विक्रेत्याचे गणित. प्रत्यक्षात दोन मोठी माणसे आणि मध्ये एक मूल, एवढीच ती जागा. मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा येतो आणि त्याची पाठ कडक भागाला टेकते. शेजारच्या गावापर्यंत हे चालते, नागपूरपर्यंत चालत नाही. तेव्हा घरातील पाचही मोठी माणसे नेहमी एकत्र प्रवास करत असतील, तर ही गाडी त्या घराच्या मापाची नाही.

वऱ्हाडचा उन्हाळा ही दुसरी परीक्षा. टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला, एकट्याने आणि गुळगुळीत रस्त्यावर घेण्यात अर्थ नाही. ती मे महिन्यात दुपारी दोनला, चौघांना बसवून, एसी लावून घ्यावी. उन्हात उभी असलेली गाडी किती वेळात थंड होते, मागच्यांपर्यंत वारा पोचतो का, भरल्या गाडीने ट्रक ओलांडताना लहान इंजिनाला दम लागतो का, हे तेव्हाच कळते. क्लचविना चालणारी एएमटी गाडी घ्यायची असेल, तर गिअर बदलताना बसणारा हिसका मागच्या आसनावर बसून अनुभवावा; चालकाला तो कमी जाणवतो. काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हात आकसतात, आणि डांबर उंचसखल होते. गावागावांतील गतिरोधकांची उंचीही मनमानी. डिझायरचा तळ जमिनीपासून 163 मिलिमीटर उंच आहे, अमेझचा 172. हे आकडे वाईट नाहीत. पण पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन गाडी खाली बसते, तेव्हा तळ घासतो. आपल्या गल्लीतील सर्वांत वाईट गतिरोधक हाच यातला खरा परीक्षक.

सुरक्षिततेच्या बाबतीत या वर्गाने अलीकडे मोठी मजल मारली आहे. नोव्हेंबर 2024 मधील नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले, आणि सहा एअरबॅग तिच्या सर्वांत खालच्या श्रेणीतही आहेत. परंतु पट्टा न लावणाऱ्याला हे तारे वाचवत नाहीत. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी अत्यंत महाग होती, पण ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे. तरी आपल्याकडे आजीला पट्टा बांधणे म्हणजे तिला अडकवणे वाटते आणि मूल पुढे आईच्या मांडीवर बसते. गाडी घेताना लहान मुलाच्या आसनासाठी आयसोफिक्सची सोय पाहावी, आणि त्या आसनाचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत.

जैन घरात वेगाचा मोह आणखी एका बाजूने येतो. सरकारी कचेरी सव्वासहाला सुटते. हिवाळ्यात सूर्य त्याआधीच मावळलेला असतो, म्हणून डबा बरोबर असतो आणि प्रश्न मिटतो. उन्हाळ्यात सूर्यास्त सातच्या आसपास होतो. मग माणूस मनाशी म्हणतो, निघालो की गाठूच. तासाभराची वाट पाऊण तासात काटायची, तर सरासरी वेग ताशी 40 वरून 53 वर न्यावा लागतो, आणि तोही वाटेतील गावे, सायकली, बैलगाड्या आणि शेतातून परतणारी माणसे यांच्यामधून. जीवदयेसाठी पाळलेला नियम जीवावर उठवायचा नाही, एवढा विवेक ठेवावा. उन्हाळ्यातही डबा बरोबर न्यावा, किंवा त्या दिवशी जेवण सोडावे. तालुक्यातील शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावे. तेथे मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असा आग्रह नाही. भरल्या गाडीसाठी टायरमधील हवा किती असावी, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर वेगळे लिहिलेले असते. टायर थंड असताना ती भरून घ्यावी. झिजलेल्या किंवा जुन्या टायरांनी त्या सिमेंटच्या रस्त्यावर जाऊ नये.

उरला पैसा. फलकावरील किमतीवर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला 11 टक्के वाहनकर लागतो, त्यावर विमा. सात लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 14,500 रुपये. सात वर्षांसाठी घेतले, तर सुमारे 11,250. दुसरा हप्ता हलका वाटतो, पण त्यात एकूण व्याज जवळजवळ पाऊण लाखाने वाढते. दुकान चालवणाऱ्या घराला हा हिशेब शिकवावा लागत नाही, तरी गाडीपुढे तो अनेकदा विसरला जातो. हप्ता आणि इंधन मिळून महिन्याला पंचवीस हजारांच्या पुढे जात असतील, तर मुलांची फी आणि आजीचे औषध यांच्यानंतर तेवढे उरतात का, हे सुनेला विचारावे. हिशेबाची वही तिच्याकडे असते. बहुधा तीच सुचवील, की चकचकीत पडदा आणि छताची काच असलेली वरची श्रेणी सोडून मधली घ्यावी. कापडी बैठकीची मधली श्रेणी अशा घराला अनेक अर्थांनी शोभते. चामड्याचा प्रश्नही मग उरत नाही.

शेवटी ‘लोक काय म्हणतील’. पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते: ही तर टॅक्सी. टॅक्सीवाला भावनेने गाडी घेत नाही. तो ॲव्हरेज, सुटे भाग, कार्यशाळा आणि पुढे येणारी किंमत पाहतो. त्याने हाच वर्ग निवडावा, हा गाडीचा कमीपणा कसा? मात्र त्याच्या आणि घराच्या गरजेत एक फरक आहे. टॅक्सीतला प्रवासी उतरून जातो. घरातला प्रवासी दहा वर्षे त्याच आसनावर बसतो.

तेव्हा निवाडा असा. रोज एक-दोन माणसे, आठवड्यातून एकदा चौघे, वर्षातून चार वेळा सामानासह लांबचा प्रवास, असा ज्या घराचा क्रम आहे आणि ज्या घरातील वृद्धांना खालची बैठक झेपते, त्या घराने लहान सेडान निःशंक घ्यावी. काटकसर आणि सोय यांचा इतका चांगला मेळ घालणाऱ्या गाड्या थोड्याच आहेत. ज्या घरी गुडघे तक्रार करतात, किंवा पाच मोठी माणसे नेहमी बरोबर असतात, त्यांनी तिचा मोह सोडावा. आणि कोणत्याही गाडीचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी आजीला विचारावे, ‘बसता येते ना नीट?’ ती क्षणभर थांबून ‘हो’ म्हणाली, तर त्या थांबण्याकडेही लक्ष द्यावे.